औषधाला न जुमानणारे जंतू, तुसातले काळे किडे आणि ओवा-निर्गुडी-कडुनिंब

सत्तरीकर

गोव्यात कोंबड्या पाळणाऱ्या मंडळींसाठी हा धागा काढतोय. अंडी-चिकन खाणाऱ्यांनीही जरूर वाचावा, कारण विषय शेवटी त्यांच्या ताटापर्यंत जातो.

वाळपईजवळ आमची ब्रॉयलरची शेड आहे, बाजूला थोड्या ग्रामप्रिया, म्हणजे अंड्यांसाठीच्या सुधारित जातीच्या कोंबड्या. गेल्या पावसात पाठोपाठच्या बॅचमध्ये मर वाढली. मेलेली कोंबडी फाडून बघितली तर हृदयावर आणि लिव्हरवर पिवळट पापुद्रा. नमुना तपासायला दिला, ई. कोलाय निघाला. सेन्सिटिव्हिटीच्या कागदावर एन्रोफ्लॉक्सासिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन, अमॉक्सिसिलिन, सगळ्यांपुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. म्हणजे ज्या औषधांवर आमची भिस्त होती ती या जंतूला लागूच पडत नाहीत.

औषध दुकानदाराने एक ‘हर्बल’ बाटली हातात दिली. पाण्यातून द्या, सगळं थांबेल म्हणाला. लेबलवर ओवा, लसूण, दालचिनी, कडुनिंब अशी नावं आहेत. किती आहे, काय आहे, एक आकडा नाही. दुसरीकडे शेडच्या जमिनीवर अंथरलेल्या तुसात काळे किडे माजलेत. फवारणीवाल्याचं औषध मारलं की दोन दिवस कमी दिसतात, पुन्हा तेवढेच.

माझा प्रश्न सरळ आहे. वनस्पतींमधली ही द्रव्यं खरोखर काम करतात का, आणि करत असतील तर शेडमध्ये नेमकी कुठे? ‘नैसर्गिक आहे, वापरून बघा’ असं कृपया कुणी सांगू नये. माझ्याकडे पिल्लं येतात तेव्हा ती जिवंत विकायची असतात.

पशुवैद्य_फोंडा

रिपोर्ट काढलात हे फार चांगलं केलंत. आमच्याकडे येणारे बरेच जण तीन औषधं देऊन झाल्यावर येतात, तोवर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, काही वाढत नाही आणि निदान हातातून जातं.

एक गोष्ट आधी. या कागदानंतर तुम्हाला कुणीतरी ‘कोलिस्टिन द्या’ म्हणेल. देऊ नका, मागूही नका. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेली जनावरं, कोंबड्या, मत्स्यपालन आणि पशुखाद्य यांच्यासाठी कोलिस्टिनचं उत्पादन, विक्री, वितरण बंद केलं आहे. कारण भक्कम आहे. आयसीयूत बाकीची औषधं हरतात तेव्हा माणसाला वाचवायला जी थोडी औषधं उरतात त्यात कोलिस्टिन आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की त्याला दाद न देणारं एमसीआर-१ नावाचं जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांत सापडलं. ते प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, बसलेलं असतं, म्हणजे एका जंतूकडून शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूकडेही जातं.

एन्रोफ्लॉक्सासिनचंही तेच. कोंबडीच्या अंगात गेल्यावर त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, जे आपण माणसांना देतो. अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठी त्याची मान्यता काढून घेतली, कारण कॅम्पिलोबॅक्टर, कोंबडीतून माणसाला जुलाब करणारा जंतू, त्याला सरावला होता. आपल्याकडे ते सर्रास पाण्यात पडतं. पिल्लं उतरली की पहिले तीन दिवस ‘कोर्स’, आजार असो वा नसो. तुमच्या कागदावरचे ‘आर’ आजाराच्या दिवसांत आलेले नाहीत. आजार नसतानाच्या त्या दिवसांतून आले आहेत.

वनस्पतींबद्दल जाणकारांनी लिहावं, मग मी माझं मत मांडतो.

माटोळी

मी पेडण्याची. आमच्याकडे गावठी कोंबड्या, परसातल्या. डॉक्टर सांगतात ते मोठं शास्त्र आहे, मी घरातलं सांगते. कोंबडी खुडुक बसली की सासूबाई टोपलीत पेंढ्याखाली निर्गुडीचा पाला घालायच्या. बारीक तांबड्या किड्या लागल्या की कोंबडी अंडी टाकून उठते, तशी उठत नसे. चुलीची राख कोपऱ्यात पसरून ठेवायची, त्यात कोंबड्या लोळतात. अंगाला काही लावायचं नाही. आता चूल नाही म्हणून राख नाही, पण निर्गुडी बांधावर अजून आहे. याला काही आधार आहे का हे मलाही जाणून घ्यायचंय.

सूक्ष्म

ताई, दोन्हीला आधार आहे. राख किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते, मग किडा सुकून मरतो. निर्गुडीच्या पाल्यात उडणारं तेल असतं, त्यात कॅरियोफायलीनसारखी द्रव्यं. मिरीतही ते असतं. बंद टोपलीत, कोंबडीच्या अंगाच्या उबेत ती वाफ साचते, म्हणून तिथे गुण येतो. उघड्या शेडमध्ये तोच पाला टाकला तर वास वाऱ्यावर जाईल. कुठे वापरलं यावर अर्धं ठरतं, आणि सत्तरीकरांच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते, ताळगावला राहते. प्रयोगशाळेत काय दिसतं ते लिहिते.

ओव्यातलं थायमॉल, ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड. या चौघांवर सर्वांत जास्त काम झालं आहे. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूला बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं, पुष्कळ औषधं तिथेच अडतात. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ते आवरणच विस्कटतात, पेशीतले क्षार बाहेर गळतात. औषधाला न जुमानणारा जंतू औषध तोडणारं विकर बनवतो, किंवा औषध ज्या जागी चिकटतं ती जागा बदलतो. थायमॉलपुढे या युक्त्या फारशा चालत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेतल्या प्लेटवर रेझिस्टंट ई. कोलाय आणि साधा ई. कोलाय दोन्ही जवळपास सारख्याच मात्रेला मरतात. संशोधकांना याचं आकर्षण आहे ते म्हणून, आणि ते खोटं नाही.

आता मात्रा बघा. चांगलं अँटिबायोटिक साध्या जंतूला मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी मात्रेत रोखतं. थायमॉलला शेकडो मायक्रोग्रॅम लागतात. ओव्याच्या दाण्यात तेल २ ते ४ टक्के, त्या तेलात थायमॉल ३५ ते ६० टक्के. किलोभर खाद्यात १० ग्रॅम ताजा ओवा कुटून घातला तर थायमॉल ७० ते २४० मिलिग्रॅम पडतं. बऱ्याच चाचण्यांत किलोभर खाद्यात १०० ते २०० मिलिग्रॅम वापरतात, म्हणजे घरचा ओवाही त्या टप्प्यात बसतो. पण कोंबडी खाद्याच्या जवळपास दुप्पट पाणी पिते, पाचक रस मिसळतात, आणि हे द्रव्य आतड्याच्या पहिल्या भागातच रक्तात शोषलं जातं. ई. कोलाय, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांचा मोठा अड्डा पुढे, सीकममध्ये, म्हणजे आतड्याच्या शेवटाकडच्या बंद पिशव्यांत. तिथवर उरतं ते मांडवीत ओतलेल्या तांब्याभर दुधाइतकं.

म्हणून ‘ओवा खाऊ घाला, रेझिस्टंट ई. कोलाय मरेल’ हे वाक्य प्लेटवर खरं आणि पोटात खोटं आहे.

बेळगांवकर_फीड

मी खाद्याच्या धंद्यात आहे, आमचा बराच माल गोव्यात उतरतो. सूक्ष्म ताईंचं गणित बरोबर, पण अर्धं आहे. युरोपने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं बंद केलं. तिथला पोल्ट्रीचा धंदा बुडाला नाही. त्यांनी जे पर्याय उभे केले त्यात ही तेलं आहेत. आज चांगल्या मालात तेलाच्या थेंबावर चरबीचा थर चढवतात, मग ते पहिल्या भागात न विरघळता पुढे जाऊन सुटतं. शिवाय जंतू मारणं हा एकच उपयोग नाही. पाचक विकरं वाढतात, पचन सुधारतं, न पचलेलं प्रथिन मागे कमी जातं, म्हणून वाईट जंतूंना खायला कमी मिळतं. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला लागणारं खाद्य, सुधारतो तो यामुळे. सगळ्यांना एका मापात मोजू नका, हीच विनंती.

सूक्ष्म

@बेळगांवकर_फीड, थर चढवलेल्या मालाबद्दल सहमत. निरोगी कोंबडीत पचनाला मदत म्हणून त्याला जागा आहे. माझा आक्षेप आजारी बॅचवरचा उपचार म्हणून विकण्याला आहे.

आणि कमी मात्रा, सतत, वर्षभर, याबद्दल सावध राहायला हवं. पाइनचं तेल हेही झाडातूनच येतं, फरशी पुसायला वापरतात. १९९७ साली छापलेल्या एका कामात पाइन तेलाला टिकून राहिलेले ई. कोलाय वेगळे काढले, तर ते टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉललाही दाद देईनात. पेशीतून परकी द्रव्यं बाहेर फेकणारा पंप त्यांनी वाढवला होता, आणि तो पंप तेलही फेकतो, औषधही. ‘वनस्पतीला रेझिस्टन्स येत नाही’ हे वाक्य ज्या पत्रकावर दिसेल ते बाजूला ठेवावं.

पशुवैद्य_फोंडा

लेबलबद्दल माझं म्हणणं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये युरोपात लाखो अंडी दुकानांतून परत घ्यावी लागली, सुरुवात नेदरलँड्स आणि बेल्जियममधून. कोंबड्यांच्या तांबड्या किड्यांवर फवारायचं एक द्रव्य होतं, निलगिरी आणि मेंथॉलचं, वनस्पतिजन्य म्हणून विकलेलं. त्यात फिप्रोनिल मिसळलेलं निघालं. ते कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरतात, अन्नासाठी पाळलेल्या पक्ष्यांवर तिथे बंदी आहे. शेतकऱ्यांना माहीत नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की हे ‘हर्बल’ औषध विलक्षण छान चालतं आहे.

तेव्हा एखादी हर्बल बाटली अपेक्षेपेक्षा फारच जोरात चालायला लागली तर मला आनंद होत नाही, शंका येते. सत्तरीकर, तुमच्या बाटलीवर मुख्य द्रव्य किती टक्के, बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना नसेल तर ती पाण्याच्या टाकीत ओतू नका. आणखी एक साधी गोष्ट. तेल पाण्यात विरघळत नाही. टाकीत लवंगेचं किंवा ओव्याचं तेल तसंच ओतलं तर वर तवंग येतो, काही पक्ष्यांच्या वाट्याला नुसतं पाणी आणि काहींच्या तोंडाला जळजळ. पाणी प्यायच्या निपलच्या रबरालाही ते खातं.

सत्तरीकर

बाटली बाजूला ठेवली. ओवा खाद्यात घालणं हा उपचार नाही, हे पटलं. आता किड्यांचं सांगा. काळे, चकचकीत, तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित मोठे. खोऱ्याने तूस उचललं की खाली पिवळट अळ्यांची गर्दी. लाकडी खांबांच्या फटींतही आहेत. पिल्लं ते टिपून खातात, म्हणून आमच्याकडचे कामगार म्हणतात, बरं आहे, फुकटचं प्रथिन.

सूक्ष्म

ते फुकटचं नाही. हा अल्फिटोबियस डायपेरिनस, इंग्रजीत लेसर मीलवर्म म्हणतात. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत असं तुम्हाला वाटतंय. माझ्या दृष्टीने तो एकच आहे.

किडा विष्ठा खातो, मेलेलं पिल्लू खातो, सांडलेलं खाद्य खातो. आजारी बॅचमधला ई. कोलाय, साल्मोनेला त्याच्या पोटात जातो, गंबोरो या पिल्लांच्या आजाराचा विषाणूही. बॅच विकली जाते, तुम्ही तूस काढता, चुना मारता, शेड रिकामी ठेवता. किडा मात्र खांबाच्या फटीत आणि जमिनीत वितभर खाली जाऊन बसतो. साल्मोनेला त्याच्या अंगात आठवडेच्या आठवडे टिकतो. नवी पिल्लं उतरतात, ब्रूडरची ऊब लागते, किडे वर येतात आणि पिल्लू पहिल्या दिवसापासून टिपायला लागतं. गेल्या बॅचचे जंतू नव्या बॅचला असे घरपोच मिळतात. पाठोपाठच्या बॅचमध्ये मर वाढली असं तुम्ही लिहिलंत. पिल्लं हॅचरीतूनच संसर्ग घेऊन आली असतीलही, पण मी असते तर या किड्याकडे आधी बघितलं असतं.

माश्यांचंही तसंच. आपल्या हवेत अंड्यापासून माशी व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. शेडमधली माशी शेजारच्या स्वयंपाकघरात जाते आणि रेझिस्टंट ई. कोलाय पायांवर, पोटात घेऊन जाते. जगात ठिकठिकाणी पोल्ट्रीजवळच्या माश्यांत असे जंतू सापडले आहेत.

म्हणून माझं मत असं. वनस्पतिजन्य द्रव्यांची खरी ताकद कोंबडीच्या पोटात नाही, कोंबडीच्या बाहेर आहे. तुसात, फटीत, भिंतीवर, पाण्याच्या पाइपात, शेणखतात. तिथे पूर्ण मात्रा वापरता येते, आतड्यात शोषून जायची भानगड नाही, अंड्या-मांसात अंश उतरायची भीती कमी. जंतूच्या वाटा बंद केल्या तर अँटिबायोटिक द्यायची पाळीच कमी येते. रेझिस्टन्सवर याहून मोठा उपाय मला माहीत नाही.

माटोळी

बाय, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या कोंबड्याही शेणकीत किडे टिपतात. पण परसातली दहा-पंधरा कोंबडी आणि हजारोंची शेड यात फरक असेल ना?

सूक्ष्म

हो ताई, मोठा फरक आहे. तुमच्याकडे ऊन, मोकळी जागा, कमी दाटी, आणि मुख्य म्हणजे अँटिबायोटिकचा मारा नाही.

कुळागरकार

प्रियोळला आमचं कुळागर, म्हणजे पोफळी-मिरीची बाग. कोंबड्या थोड्या, पण करंज-कडुनिंबाचा अनुभव पोफळी-मिरीमुळे आहे, म्हणून लिहितो.

कडुनिंबाबद्दल सगळे बोलतात, पण तो कोरड्या मुलखातला झाड आहे. आमच्या पावसात तो म्हणावा तसा फोफावत नाही. निंबोळी अर्क बाहेरूनच येतो. बाटलीवर अझाडिरॅक्टिन ३०० पीपीएम, १५०० पीपीएम किंवा १०००० पीपीएम लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्यावा. नुसतं ‘नीम ऑइल’ लिहिलेल्या बाटलीत ते किती, देव जाणे. अझाडिरॅक्टिन मोठ्या किड्याला जागीच मारत नाही. अळीची कात टाकायची क्रिया बिघडवतं, अळीचा किडा होत नाही. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी मेलेले किडे शोधू नका, त्या दिवशी दिसणार नाहीत. पुढच्या पिढीत फरक दिसतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं, चुना आणि निंबोळी एकत्र वापरू नका. अझाडिरॅक्टिन किंचित आंबट द्रावणात टिकतं, चुन्यासारख्या क्षारात भराभर मोडतं. उन्हातही मोडतं. शेडमध्ये लोक सकाळी चुना पसरतात आणि दुपारी त्यावरच निंबोळी मारतात, दोन्हीचे पैसे गेले. ओल्या तुसात अमोनिया झाला की तूससुद्धा क्षारीच होतं. म्हणून आधी तूस कोरडं करा. मूठभर उचलून दाबा. गोळा तसाच राहिला तर ओलं, हात उघडताच सुटलं तर ठीक.

करंज मात्र आपला. नदीकाठी, खाडीकाठी भरपूर. बियांच्या तेलात करंजिन असतं, किड्याची भूक मारतं. पेंड आम्ही पोफळीच्या मुळाशी घालतो. कोंबडीच्या खाद्यात ती घालू नये, कडू आणि अपायकारक. खांबांच्या फटींत, भिंतीच्या खालच्या वितेत तेल साबणाच्या पाण्यात फेटून मारता येईल असं मला वाटतं.

काजूच्या टरफलाचं तेल कुणी काढलं नाही म्हणून मीच काढतो. जुने लोक होड्यांना, वाशांना लावत, वाळवी लागत नसे. शेडच्या खांबांना चालेल का?

सूक्ष्म

चुना आणि निंबोळीचा मुद्दा सोन्यासारखा आहे, तो कुणीच सांगत नाही.

टरफलाच्या तेलात अनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं. कच्च्या तेलात अनाकार्डिक आम्ल निम्म्याहून जास्त, भाजून काढलेल्या तेलात ते मोडून कार्डानॉल होतं. प्रयोगशाळेत अनाकार्डिक आम्ल स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंवर जोरदार चालतं, ई. कोलायवर फिकं पडतं. तुमच्या रिपोर्टातल्या जंतूला त्याचा उपयोग नाही. लाकडात वाळवीला आहे. पण काजू फोडणाऱ्या बायकांचे हात बघा, कातडी जळते. पक्षी चोच मारतील, बसतील अशा लाकडाला नको. बाहेरच्या खांबांना लावा आणि पूर्ण सुकू द्या.

पशुवैद्य_फोंडा

सहमत. आणि करंज-निंबोळीची बाजारातली लेबलं पिकांसाठी आहेत, कोंबड्यांच्या शेडसाठी नाहीत. म्हणून फवारणी शेड रिकामी असतानाच, पक्षी आत असताना नाही. कोंबडीची फुप्फुसं आणि हवेच्या पिशव्या फार नाजूक. तीव्र वासाची तेलं धुरळून मारली तर सीआरडीसारखी (श्वसनाचा जुनाट आजार) खुरखुर तुम्हीच निर्माण कराल.

निसर्गमित्र_डिचोली

सगळी चर्चा वाचली. एवढ्या भीतीची गरज आहे का? रसायनांनी जग बिघडवलं. वनस्पती हजारो वर्षं आपल्यासोबत आहेत. तंबाखूचं पाणी, सीताफळाच्या बियांची पूड हे आजोबा वापरायचे. त्यांना काही झालं नाही.

सूक्ष्म

तुमची कळकळ समजते, रसायनांच्या माऱ्याबद्दल तुमचा राग मलाही आहे. पण ही दोन नावं फार जपून घ्या. निकोटिन कातडीतून अंगात जातं, माणसाच्याही आणि कोंबडीच्याही. सीताफळाच्या बियांतली ॲसिटोजेनिन पेशीचं ऊर्जा बनवणारं यंत्र बंद पाडतात. उवांसाठी ती पूड डोक्याला लावताना डोळ्यात जाऊन बुबुळाला इजा झालेले रुग्ण डॉक्टरांना माहीत आहेत. पायरेथ्रमही फुलातून येतं, शेवंतीच्या जातभाईतून, आणि आज ज्या पायरेथ्रॉइडना माश्या दाद देत नाहीत ती त्याचीच नक्कल. नकलेला सरावलेली माशी मूळ फुलाच्या अर्कालाही पुष्कळदा सरावलेली असते.

झाड जी विषं बनवतं ती स्वतःला कीड आणि जंतूपासून वाचवायला. म्हणून तर ती उपयोगी आहेत. मग मात्रा पाळायलाच हवी.

निसर्गमित्र_डिचोली

तंबाखूचं मागे घेत नाही, पण सीताफळाच्या बियांचं डोळ्यांबद्दल ठाऊक नव्हतं. घरी लहान मुलं आहेत, सांगितलंत ते बरं झालं.

बेळगांवकर_फीड

विषय निघालाच आहे तर मिरीबद्दल विचारतो. अँटिबायोटिकसोबत मिरी दिली की औषध जास्त लागतं असं ऐकलं.

सूक्ष्म

पाइपरिन जंतूचा तो बाहेर फेकणारा पंप अडवतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत ते प्रयोगशाळेत दिसलं आहे, आपल्याच जम्मूत ते काम झालं. पण पाइपरिन प्राण्याच्या शरीरातही औषधाचं शोषण वाढवू शकतं आणि ते बाहेर पडणं लांबवू शकतं. म्हणजे लेबलवर लिहिलेले थांबायचे दिवस मग भरवशाचे राहत नाहीत. मांसात औषध उरेल. शेडमध्ये हा प्रयोग करू नका.

याहून मला मोह पाडणारी गोष्ट म्हणजे कारांदे. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला आपण उकडून खातो तेच, डायोस्कोरिया बल्बिफेरा. २००८ साली पुण्याच्या संशोधकांनी त्यातून एक द्रव्य वेगळं केलं. ते जंतूला मारण्यापेक्षा त्याच्यातलं प्लाझ्मिड घालवतं. डॉक्टरांनी एमसीआर-१ बद्दल लिहिलं ते आठवा, रेझिस्टन्सची जनुकं या प्लाझ्मिडवरूनच फिरतात. प्लाझ्मिड गेलं की जुनं औषध पुन्हा लागू पडतं. अजून हे काचेच्या नळीतलं आहे, कोंबडीच्या पोटात यायला खूप वाट आहे. पण आपल्या परसातल्या वेलीत अशी गोष्ट असावी आणि गोव्यात त्यावर मुलांनी काम करावं, असं मला मनापासून वाटतं.

माटोळी

कारांदे पाहिजेत तर पेडण्यात या, कुंपण भरून आहेत.

सत्तरीकर

सगळ्यांना देव बरें करूं. चालू बॅच चतुर्थीआधी जाईल. मग असं करायचं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा. पक्षी गेले त्याच दिवशी, शेड गरम असताना किड्यांवर तुटून पडायचं, तूस थंड झालं की ते फटीत जातील. तूस त्याच दिवशी बाहेर, शेडपासून लांब, ढीग करून ताडपत्रीखाली कुजवायचं. धुऊन शेड वाळली की फटी आणि खालची वीत निंबोळी किंवा करंजाने, चुना त्याच जागी नाही. पाइप आधी धुऊन मगच पिल्लं. पहिल्या तीन दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स बंद. ओवा घालायचाच तर निरोगी पिल्लांना पचनासाठी, थोडा.

माश्यांसाठी ग्रामप्रियांच्या मचाणाखालची विष्ठा रोज काढावी का?

कुळागरकार

विष्ठा एकदम सगळी साफ करू नका. ती कोरडी ठेवा आणि तळाचा थर राहू द्या. त्यात माशीच्या अळ्या खाणारे बारीक किडे राहतात, ते तुमचे गडी.

ढिगाचं बरोबर. आत हात घालवणार नाही इतका तापला पाहिजे, ५५ अंशांवर काही दिवस, आणि उलटून पुन्हा. तसं कुजलेलंच खत मी कुळागरात घेतो, कच्चं घेत नाही. कच्च्या खतातून तुमचे रेझिस्टंट जंतू माझ्या ओहोळात येतात.

पशुवैद्य_फोंडा

आराखडा चांगला आहे. कोर्स बंद करताना ब्रूडरचं तापमान आणि पाण्याची स्वच्छता दुप्पट जपा, नाहीतर नाभीचा संसर्ग होईल आणि दोष कोर्स बंद केल्याला जाईल. पाइपातला चिकट थर तेलांनी निघेल या भरवशावर राहू नका. सायट्रिक आम्ल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवा, मग स्वच्छ पाणी सोडा.

आणि बॅच आजारी पडलीच तर उपचार थांबवून ओव्यावर बसू नका. जंतू ज्याला दाद देतो ते एक औषध, पूर्ण मात्रेत, पूर्ण दिवस, आणि नंतर विक्रीआधीचे थांबायचे दिवस पाळून.

सत्तरीकर

डॉक्टर, पुढच्या वेळी नमुना नेमका कसा आणू? मागच्या वेळी मेलेली कोंबडी फ्रीजरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी नेली होती.

पशुवैद्य_फोंडा

गोठवू नका, गोठवलेल्यात पेशी फुटतात आणि निदान अवघड होतं. नुकतीच मेलेली, शक्य असेल तर आजारी जिवंतच, दोन-तीन पक्षी. अजून कुठलंही अँटिबायोटिक दिलेलं नसावं. जाड पिशवीत, बाहेरून बर्फ लावून, त्याच दिवशी वाळपईच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. पुढे कुठे पाठवायचा ते तिथून ठरेल. सोबत कागदावर लिहा: वय, किती पक्षी, रोजची मर, दिलेल्या लसी, आणि आतापर्यंत पाण्यातून काय काय दिलं, ती हर्बल बाटली धरून.